हळदीचा डाग

मैत्रिणींनो, यावेळी खरं तर उन्हाळी वाळवणांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण बोरिवलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आणि वाळवणं बाजूला राहिली. त्या लिहितात, "संध्याकाळी मटार सोलत बसले की मला खुनाची मालिकाच लागते. सासू-सुनांची रडारड मला सोसत नाही. पण आमचे हे म्हणतात, बाईमाणसानं तिन्हीसांजेला प्रेतं काय बघायची! मुलगीही हसते. माझं काही चुकतंय का? घरात याचा काही वाईट परिणाम होतो का?"

ताई, तुमचं काही चुकत नाही. तुमच्यासारख्या आम्ही अकराजणी इथे मुलुंड पूर्वेला आहोत. आमची भिशी आहे. भिशीचे पैसे मोजायला पाच मिनिटं लागतात आणि उरलेले दोन तास कोणाचा खून कोणी केला यावर जातात. परिणामाचं मात्र मी थोडं सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्याकडे एक परिणाम झाला, आणि त्यात माझाही हात होता.

आधी आमची मंडळी कोण ते सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांच्याकडेच भिशी भरते, कारण त्यांचा हॉल मोठा. तळमजल्याची सूनबाई, वयानं सगळ्यांत लहान, तिला मोबाइलवरच्या नव्या मालिका पाठ. बोरिवलीला राहायला गेलेल्या आमच्या जुन्या शेजारीणताई, त्या अजून भिशी सोडत नाहीत. लोकलनं अंधेरी, तिथून मेट्रोनं घाटकोपर, पुन्हा लोकलनं मुलुंड, असा द्राविडी प्राणायाम करून येतात. २०१४ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिला आनंद त्यांना भिशीचा झाला होता. आणि घाटकोपरच्या मावशी. त्या वहिनींच्या सख्ख्या मावशी, म्हणून आम्हा सगळ्यांच्या मावशी. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. दर महिन्याला येणं त्यांना जमत नाही, पण आल्या की आमची तोंडं बंद होतात.

मावशींचा नाद फार जुना. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण त्याआधीच बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड त्यांच्या दप्तरात असत. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा भूगोल किती बुडाला असेल त्याचा हिशेब करा! मग चाळीत एका घरी टीव्ही आला. बायका दारात उभ्या, पोरं जमिनीवर, आणि ज्यांचा टीव्ही त्या घरची बाई मात्र स्वयंपाकघरात चहा करतेय, हे चित्र तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेलं असेल.

आमच्या पिढीचा पहिला हेर म्हणजे करमचंद. १९८५ सालची ती मालिका. पंकज कपूर काळा चष्मा लावून गाजर चावत यायचा आणि सुश्मिता मुखर्जीची किटी दर वेळी त्याची तारीफ करून बोलणी खायची. त्या दिवसांत आमच्या भाजीवाल्याकडे लोक गाजरं 'करमचंदची' म्हणून मागायचे. तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, बिचारी किटी दर आठवड्याला गप्प बसवली जायची आणि आपण पदर तोंडाला लावून हसायचो. मराठीत 'एक शून्य शून्य' होती, पोलिसांच्या टेलिफोन नंबराचं नाव घेतलेली. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी तिथलीच. रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' लागली की आमच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या. भाटकर २०१९ मध्ये गेले, तेव्हा भिशीत त्या दिवशी कोणी मालिकांवर वाद घातला नाही.

वाद घालायचा तो मुख्यतः दोघांवरून, ब्योमकेश आणि सीआयडी.

ब्योमकेश माझा. १९९३ साली बासू चॅटर्जींनी दूरदर्शनसाठी केला. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी ही बंगाली पात्रं १९३२ पासून लिहायला घेतली होती. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी! धोतर नेसलेला, शांत आवाजाचा माणूस. पिस्तूल नाही, धावपळ नाही. स्वतःला तो हेर म्हणवूनच घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्याची आणि सत्यवतीची ओळख कशी होते आठवतं? तिच्या भावावर खुनाचा आळ आलेला असतो. सगळे पुरावे त्याच्याकडे बोट दाखवत असतात. घरातलं कोणी बोलत नाही, ती एकटी सांगते की माझ्या भावानं हे केलेलं नाही. हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बोरिवलीच्या ताई सीआयडीच्या. २१ जानेवारी १९९८ ला ती मालिका सुरू झाली, २०१८ पर्यंत वीस वर्षं चालली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली तेव्हा ताईंनी भिशीत पेढे वाटले. शिवाजी साटम आधी बँकेत नोकरीला होते, हे त्या अशा अभिमानानं सांगतात जणू त्यांनीच त्यांना सुट्टी मंजूर केली होती. एसीपी प्रद्युम्नचं ते हात हवेत फिरवणं, दयाचं दार तोडणं, डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा, सगळं त्यांना तोंडपाठ. २००४ साली या मंडळींनी लोणावळ्याला १११ मिनिटांचा भाग कुठेही न थांबता एका दमात चित्रित केला होता, त्याची नोंद गिनीजमध्ये आहे. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले, तेव्हा ताईंनी मला रात्री अकराला फोन केला होता.

मी त्यांना चिडवते की तुमचे साळुंखे नळीत निळं पाणी हलवतात आणि अर्ध्या मिनिटात गुन्हेगाराचं गाव सांगतात. खरी प्रयोगशाळा इथून फार लांब नाही, सांताक्रूझला कालिन्यात आहे, तिथे नमुना गेला की अहवाल यायला थांबावं लागतं. त्या म्हणतात, "मालिकेत तरी लवकर होऊ दे की!" हे मात्र मला पटतं. सूनबाईला हे दोन्ही जुनाट वाटतं. तिला शेफाली शाहची 'दिल्ली क्राइम' आवडते, त्या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. आणि वहिनींना 'अस्मिता'. २०१४ साली झी मराठीवर मयूरी वाघ डिटेक्टिव्ह झाली, म्हणजे मराठी मालिकेत बाईनं नुसतं सोसायचं सोडून शोध लावायला घेतला. वहिनी त्या वेळी म्हणायच्या, "मला संधी मिळाली असती तर मीही हेच केलं असतं."

संधी मिळाली. २०२५ च्या फेब्रुवारीत.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी वहिनींकडे हळदीकुंकू झालं. चाळीस-पंचेचाळीस बायका आल्या. वाण म्हणून त्यांनी झाकणाचे छोटे स्टीलचे डबे लुटले. त्यांच्या हातात सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या होत्या, वर्षातून दोनदाच निघतात. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १६ तारखेला, त्या कपाट आवरायला बसल्या. कप्पे साबणाच्या पाण्याच्या बोळ्यानं पुसले, आणि दागिन्यांच्या कप्प्यात हात घातला तर पाटल्या नाहीत. डबी आहे, आत कापूस आहे, पाटल्या नाहीत. आणि कप्प्यात अंथरलेल्या पांढऱ्या रुमालावर लालभडक बोटाचा ठसा.

अर्ध्या तासात आम्ही सहाजणी त्यांच्याकडे. मला आता लिहायला लाज वाटते, पण खरं सांगते, त्या घरात दुःखापेक्षा उत्साह जास्त होता. सूनबाईनं मोबाइलवर ठशाचे फोटो घेतले. कोणी तरी दाराचं कुलूप बघून आली. बोरिवलीच्या ताई फोनवर होत्या आणि तिकडून सूचना देत होत्या की कशालाही हात लावू नका. मी सगळ्यांत शहाणी. मी सांगितलं की बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय आपल्याच देशात, कलकत्त्याला १८९७ मध्ये निघालं. मग मी त्या ठशाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "हे रक्त दिसतंय."

आणि मग मीच म्हटलं, "शुक्रवारी तिचं बोट कापलंय."

'तिचं' म्हणजे आमच्या कामवाल्या बाईंचं. वहिनींकडे आणि माझ्याकडे त्या नऊ वर्षं काम करत होत्या. शुक्रवारी माझ्याकडे विळीवर कांदा चिरताना त्यांचं बोट कापलं होतं. मीच हळद दाबली आणि चिंधीची पट्टी बांधली. शनिवारी भिशीच्या वेळी त्या वहिनींकडे भांड्यांना होत्या, आम्ही सगळ्या हॉलमध्ये, आतली खोली रिकामी. बघा कसं जुळलं! मालिकेच्या शेवटच्या पाच मिनिटांत जुळतं तसं. बोट शुक्रवारी कापलं, संधी शनिवारी मिळाली, रक्ताचा डाग रविवारी सापडला. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं.

सोमवारी सकाळी त्या कामाला आल्या. वहिनींनी ओरडाआरडा केला नाही, त्या तशा नाहीत. पण आम्ही चौघीजणी तिथे 'सहज' बसलो होतो. सहा बायकांचं घर, दार लोटलेलं, आणि एक बाई मध्ये उभी. वहिनींनी विचारलं, पाटल्या पाहिल्यात का? बाई म्हणाल्या, नाही. मग सूनबाईनं विचारलं, बोटाला काय झालंय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी हातातली पिशवी उलटी केली आणि जमिनीवर रिकामी केली. पोळीचा डबा, छत्री, रेल्वेचा पास, औषधाची पट्टी, लेकीच्या शाळेची कसलीशी पावती. एक एक वस्तू परत भरली आणि गेल्या. पुरुषमंडळी संध्याकाळी म्हणाली, पोलिसात कळवा. वहिनी म्हणाल्या, उद्या मावशी यायच्यात, त्यांना विचारते.

मंगळवारी मावशी आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं, "तू त्या मासिकात डागांवर किती वर्षं लिहितेस गं?"

मी म्हटलं, पुष्कळ.

"मग रक्ताचा डाग चौथ्या दिवशी लालभडक असतो का?"

मैत्रिणींनो, मी या पानावर कितीतरी वेळा लिहिलं आहे की रक्त वाळलं की तपकिरी पडतं, काळपट होतं. गार पाण्यात भिजवा, गरम पाणी घातलंत तर डाग बसतो, हेही लिहिलं आहे. घरच्या मुलींना सांगून सांगून तोंड दुखलं आहे. पण त्या रविवारी मी डाग बघतच नव्हते, मी गोष्ट बघत होते.

मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी अगाथा ख्रिस्तीची एक गोष्ट सांगितली, १९५३ सालच्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय' या कादंबरीतली. एका श्रीमंत घरात खून होतात आणि त्यात एक कामवाली पोरही मारली जाते. मारणारा जाताना तिच्या नाकाला कपड्याचा चिमटा लावून जातो. घरातल्या मोठ्या माणसांच्या खुनांची सगळ्यांना काळजी, या पोरीची कोणाला नाही. मिस मार्पल नावाची म्हातारी त्या घरी येते ती त्या पोरीसाठी, कारण कधी काळी तिनंच तिला घरकाम शिकवलेलं असतं. त्या चिमट्याचा तिला भयंकर राग आलेला असतो. मिस मार्पल विणकाम करत बसते आणि माणसं ओळखते, आपल्याकडे असती तर वाती वळत बसली असती. मावशी पुढे म्हणाल्या, "१९२८ मध्ये व्हॅन डाइन नावाच्या लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम लिहून ठेवले होते. त्यात एक असा की नोकराला गुन्हेगार ठरवायचं नाही. फार सोपं उत्तर आहे म्हणून. तुम्ही एवढ्या मालिका बघता आणि पहिल्याच उत्तरावर थांबलात?"

वहिनींचा चेहरा उतरला होता. मी उठले, स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली आणि त्या लाल ठशावर दोन थेंब पिळले. ठसा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

हळद!

तुम्ही घरी करून बघा. हळदीचा डाग पडलेल्या फडक्यावर कपड्याचा साबण घासा किंवा धुण्याचा सोडा लावा, डाग तांबडा होतो. नव्या सुना घाबरतात, त्यांना वाटतं कपडा बिघडला. वर लिंबू किंवा व्हिनेगर टाका, परत पिवळा. हळदीच्या रंगाचा तो धर्मच आहे, खार लागला की तांबडा, आंबट लागलं की पिवळा. आपल्या आज्या हळदीत चुना कालवून कुंकू करायच्या, तो हाच प्रकार. रक्त लिंबानं पिवळं होत नाही. म्हणजे रुमालावर आधी हळदीचं बोट लागलं होतं, फिकट, कोणाच्या लक्षात न येणारं. वहिनींनी रविवारी साबणाचा बोळा फिरवला, त्या पाण्यानं ते लाल झालं, आणि आम्हाला रक्त दिसलं.

बाईंच्या बोटालाही मी हळद लावली होती, असं सूनबाई हळूच म्हणाली. खरं आहे. पण त्यावर पट्टी होती, आणि ठसा चांगला दोन बोटांचा, आंगठा आणि तर्जनी, चिमटीत रुमाल धरावा तसा. हळदीनं भरलेली आंगठा आणि तर्जनी कोणाची असते? चाळीस बायकांना हळद लावणारीची.

मावशींनी वहिनींना समोर बसवलं आणि त्या संध्याकाळचं सगळं पहिल्यापासून विचारलं. शेवटची बाई कधी गेली? पाटल्या कधी काढल्या? वहिनी सांगत होत्या, की मी पाटल्या काढल्या, कपाट उघडलं, रुमाल उचलून डबी घेतली. आणि मग? मग डबीत ठेवल्या. ठेवल्या, की ठेवणार होतात? वहिनी गप्प. मग आठवत आठवत म्हणाल्या, त्याच वेळी बेल वाजली. दीर-जाऊ ठाण्याहून आले होते. मी कपाट ढकललं आणि हातातलं... हातातलं ते...

समोरच पलंगावर उरलेल्या वाणाच्या डब्यांचं खोकं होतं. ते खोकं दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेलं. सूनबाई शिडीवर चढली. सातव्या डब्यात पाटल्या होत्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता घरच्या उपयोगाचं सांगते, कारण हे पान त्यासाठी आहे. वस्तू ठेवताना मध्ये कोणी हाक मारली, बेल वाजली, दूध उतू गेलं, तर आपल्याला आठवतं ते आपण करणार होतो ते, केलेलं नव्हे. कपाट उघडल्याची आठवण खरी असते, म्हणून ठेवल्याचीही खरी वाटते. त्यासाठी दागिन्यांची एक साधी वही करा. कोणता दागिना कोणत्या तारखेला बाहेर काढला आणि कोणत्या तारखेला परत ठेवला, एवढंच. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवा आणि पावत्या वेगळ्या पाकिटात. सणाच्या दिवशी दागिने काढून ठेवायला एकच ठरलेली जागा असू द्या, देव्हाऱ्याचा खण, शिवणाच्या मशीनचा खण, काहीही, पण एकच. काही सापडेनासं झालं तर पहिले दोन दिवस घर शोधायचं: वाणाचे डबे, पिठाचे डबे, उशांचे अभ्रे, बाहेर नेलेल्या पर्सचे आतले कप्पे. बोहारणीला जुने कपडे देण्यापूर्वी सगळे खिसे आणि घड्या उलटून बघा. आणि शोधायला शेजारणींची फौज बोलावू नका. आमच्यासारख्या तर मुळीच नको.

हळदीच्या डागाचं राहिलं. साबणानं तो तांबडा झाला तरी घाबरू नका, भरपूर पाण्यानं खळबळा आणि कडक उन्हात वाळत घाला. उन्हानं हळदीचा रंग उडतो. एका दिवसात नाही गेला तर पुन्हा ओला करून पुन्हा ऊन द्या. रंगीत कपड्याला मात्र ऊन बेतानं.

बुधवारी वहिनी आणि मी भांडुपला बाईंच्या घरी गेलो. टेकडीवरची वस्ती, पायऱ्या चढून चढून वहिनींना धाप लागली. बाईंनी आम्हाला आत बोलावलं, बसायला सतरंजी घातली, चहा केला. वहिनींनी सगळं सांगितलं, लिंबाचं, खोक्याचं, सातव्या डब्याचं. हात जोडले. बाई म्हणाल्या, "सापडल्या ना? बरं झालं." वहिनींनी पगाराचं पाकीट पुढे केलं. त्यात त्यांनी पूर्ण महिन्याचे आणि वर दोन हजार घातले होते. बाईंनी नोटा मोजल्या, सोळा दिवसांचा हिशेब केला, तेवढे ठेवले आणि बाकीचे परत दिले. कामावर याल ना, असं विचारायचं धाडस वहिनींनी केलं. त्या म्हणाल्या, दुसरीकडे लागले आहे.

निघताना त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "पट्टी तुम्हीच बांधली होती ना, ताई?"

मी हो म्हटलं. बोट बरं झालं होतं. माझं कामही त्यांनी त्याच दिवशी सोडलं.

त्या आता स्टेशनजवळच्या एका इमारतीत काम करतात. बाजारात भेटतात, थांबतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. मी त्यांच्या लेकीच्या परीक्षेची करते. आमच्या इमारतीच्या बाजूनं मात्र त्या येत नाहीत, पलीकडच्या फुटपाथनं जातात.

भिशी चालू आहे. मालिकाही चालू आहेत, बोरिवलीच्या ताईंचा सीआयडी आणि माझा ब्योमकेश यांचं भांडण मिटलेलं नाही. फक्त एक बदल झालाय. मालिकेत घरातला नोकर घाबरून बघायला लागला आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला, की वहिनी उठतात आणि "चहा टाकते" म्हणून आत जातात. सूनबाई आवाज कमी करते.

तर बोरिवलीच्या वाचक भगिनी, तुम्ही मटार सोलत खुशाल बघा. यजमानांना सांगा, प्रेतं मी बघत नाही, मी पुरावा बघते. मुलीलाही शेजारी बसवा आणि जाहिराती लागल्या की विचारा, तुला कोण वाटतंय आणि का? ती ज्याचं नाव घेईल त्याच्या बाजूनं तुम्ही बोला. बघा किती मजा येते, आणि मटारही भराभर सोलून होतात. सालं टाकू नका हं, कोवळी असतील तर आतला पापुद्रा काढून त्यांची भाजी चांगली होते.

पुढच्या अंकात नक्की वाळवणं. पोह्याच्या पापडांचं प्रमाण तिघींनी विचारलंय, आणि मुंबईच्या गॅलरीत तीन तासांच्या उन्हात साबुदाण्याच्या चकल्या कशा वाळवायच्या तेही.